मोठीचं बत्तीस

आपल्या मनातलं उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणसाला आनंद व्हावा, असं शहाणी माणसं सांगतात. सांगू देत. त्यांना जाऊ नसते.

मोठीला होती. एकच, पण पुरून उरेल अशी.

घर चष्म्याच्या काचांचं. खाली कारखाना, वर बिऱ्हाड. ठिकठिकाणचे चष्मेवाले गिऱ्हाइकाचा नंबर, फ्रेमचा आकार आणि फ्रेम घातलेल्या चेहऱ्याचा फोटो इंटरनेटवरून पाठवायचे. फोटोवरून बुबुळ काचेत नेमकं कुठे येतं ते मोजायचं, त्या मापानं काच घासायची, फ्रेममध्ये बसवायची आणि परत पाठवायची, असा धंदा. घासायच्या यंत्रावर मोठीचा नवरा असायचा. तो फार कमी बोलायचा, कारण त्या यंत्राशेजारी बोलून उपयोगच नव्हता. फोनवर चष्मेवाल्यांना सांभाळायला धाकटा दीर, त्याच्या वाटचंही बोलणारा. आणि पुढच्या खोलीतल्या खुर्चीत सासरे. त्यांना सगळे बाबा म्हणत.

ऑर्डरी जिथे येऊन पडायच्या तो सर्व्हर मात्र मोठीचा. सर्व्हर म्हणजे तरी काय, दूर कुठल्याशा इमारतीतल्या अजस्र मशीनचा भाड्यानं घेतलेला एक कोपरा. पण तो कोपरा तिनं उभा केला होता. ती लग्न होऊन आली तेव्हा ऑर्डरी फोनवरून घेत, आणि डाव्या डोळ्याची काच उजव्या डोळ्यावर जाऊन बसे. मोठीनं हे शिकून ते विचारून, चुकत माकत सगळं ऑनलाइन आणलं. तेव्हापासून कारखान्यात काही अडलं की एकच हाक यायची, 'मोठीला विचारा.' ही हाक तिला इतकी गोड लागायची की कधी कधी ती मुद्दाम दोनदा ऐकू येईपर्यंत गप्प बसायची.

मग धाकटी आली. दिराची बायको. आधी अशा कंपनीत नोकरीला होती की जिथे सर्व्हर शेकड्यानं सांभाळतात. दिसायला साधी, बोलायला हळू, आणि राग म्हणून नाही! बाबा येता जाता म्हणायचे, "धाकटी भारी समजूतदार हो." मोठीनं दहा वर्षं या घरात काढली, पण तिला कुणी समजूतदार म्हटलं नव्हतं. हुशार म्हटलं, खमकी म्हटलं, दिरानं एकदा फौजदार म्हटलं. समजूतदार हा शब्द मोठीच्या डोक्यात डासासारखा गुणगुणत राहायचा.

त्यातच बाबांनी जाहीर केलं की या वर्षानंतर ते खुर्ची सोडणार. कुणाला देणार ते सांगितलं नाही, पण न सांगता सगळ्यांना कळलं होतं. मुलगे आपापल्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले. ऑर्डरी जिच्या हातात, कारखाना तिच्या हातात. आणि ऑर्डरी सर्व्हरवर.

नेमका तेव्हाच जुना सर्व्हर बदलायची वेळ आली. भाड्यानं देणारी कंपनी ती जुनी मशीन बंद करणार होती, नवीन घ्या म्हणून निरोप आला. नवीन घ्यायचा तर पहिला प्रश्न पडद्यावर हाच येतो, त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम कुठली घालू, बत्तीस बिटांची की चौसष्ट? गवंडी भिंती उभारण्याआधी पाया विचारतो, तसं. आणि एकदा सांगितलं की सांगितलं. पुढे मत बदललं तर सगळं पुसून नव्यानं मांडावं लागतं.

या भानगडीत तसं अवघड काही नाही. बिट म्हणजे पत्त्याची लांबी समजा. पत्ता आखूड असला तर ठरावीक घरांपर्यंतच पोचता येतं. लांब असला तर हवं तितकं दूर जाता येतं, पण लांब पत्ते लिहायला कागद जास्त लागतो. सर्व्हर छोटा, मेमरी बेताची. म्हणून जुनी माणसं म्हणायची, छोट्या मशीनला बत्तीस पुरे, कागद वाचतो. मोठीही पूर्वी तेच म्हणायची. पण ती काही डोळे मिटून म्हणणारी नव्हती. तिनं गुपचूप एक चाचणीची मशीन भाड्यानं घेतली, तिच्यावर चौसष्ट घातली, ऑर्डरी टाकून पाहिल्या. मेमरी थोडी जास्त खाल्ली, पण आरामात मावली. उलट बत्तीसवर त्यांच्या डेटाबेसला एक हद्द होती, दोन जीबीची. त्यापुढे त्याला जागाच दिसत नाही, नवीन ऑर्डर घ्यायलाच तो नकार देतो. आणि फोटो तर दिवसेंदिवस वाढत होते. म्हणजे चौसष्ट. यात दुसरं मत असायचं कारणच नव्हतं. आता चहाच्या वेळी सगळ्यांसमोर हे कसं मांडायचं याची तिनं मनात उजळणीसुद्धा केली होती.

चहाच्या वेळी सगळे पुढच्या खोलीत जमले. बाबांनी विचारलं, "काय मग, नवीन सर्व्हरचं काय ठरलं?"

मोठीच्या तोंडात चहाचा घोट होता. गरम होता. तेवढाच काय तो उशीर.

"चौसष्टच घ्यावी बाबा," धाकटी म्हणाली. "फोटो वाढतायत. बत्तीसवर डेटाबेस अडकेल."

"चौसष्ट!" बाबा खूश होऊन म्हणाले. "म्हणजे चौसष्ट कलांची मशीन. वा! बघा, हिलाच आधी विचारायला हवं होतं."

हिलाच. आधी. मोठीनं चहा गिळला, तो टाळूपासून पोटापर्यंत भाजत गेला. माझं उत्तर, माझी चाचणी, माझी मशीन, आणि 'वा' कुणाला? अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या क्षणी ती 'मीही तेच म्हणणार होते' असं म्हणाली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मीही तेच म्हणणार होते हे वाक्य जगात आजवर कुणालाही खरं वाटलेलं नाही. धाकटीच्या मागून मान डोलवायची? मोठीनं?

"काही गरज नाही," ती म्हणाली. "बत्तीस."

ते आपल्याच तोंडून आलंय हे तिला ऐकल्यावर कळलं. पण एकदा घोडं सुटलं की सुटलं. मेमरी केवढीशी, चौसष्टला ती कशी अपुरी पडेल, इतकी वर्षं कशावर चाललंय, मोठ्या कंपन्यांची थेरं छोट्या कारखान्याला कशी परवडायची नाहीत, असं ती घडाघडा बोलत गेली. आणि वाईट याचं की फार छान बोलली.

"वहिनी बत्तीस म्हणतायत म्हणजे बत्तिशी दाखवून दाखवून भांडणार," दीर म्हणाला आणि एकटाच हसला.

धाकटीनं एकदाच तोंड उघडलं. "ताई, पण दोन जीबीची हद्द..."

"हद्द मला ठाऊक आहे," मोठी म्हणाली. हे मात्र अगदी खरं होतं.

बाबांनी एकदा मोठीकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मोठीनं इतकी वर्षं सांभाळलंय. तिचंच राहू दे."

मोठी जिंकली. वर जाऊन तिनं पहिलं काम केलं ते चाचणीची मशीन पुसून टाकण्याचं. चौसष्ट आधी तिला सुचली होती याला आता साक्षीला कुणी उरलं नाही.

बत्तीस बसली. पहिले काही महिने सगळं सुरळीत चाललं, आणि मोठी येता जाता "बघा, काही होतंय का?" असं कुणी न विचारता सांगायची. मग दिराच्या डोक्यात टूम आली. एकाऐवजी तीन फोटो मागवायचे, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, म्हणजे काच आणखी नेमकी बसते. चष्मेवाले खूश, ऑर्डरी वाढल्या. सगळ्यांचे चेहरे फुलले, एक मोठीचा सोडून. डेटाबेस आता हद्दीकडे धावत सुटला होता.

त्या दिवशी तिनं सांगायला हवं होतं. पण सांगायचं कुणाला? धाकटीला? 'तुझं बरोबर होतं' असं म्हणायचं? मोठीला ते वाक्य मनातल्या मनातसुद्धा पूर्ण म्हणता येत नव्हतं. मग तिनं एक युक्ती काढली. दर शनिवारी, दुपारी सगळे जेवायला वर गेले की ती जुन्या ऑर्डरींचे फोटो सर्व्हरवरून आपल्या लॅपटॉपवर उतरवायची आणि तिथून काढून टाकायची. तेवढी जागा मोकळी व्हायची, आठवडा निघायचा. पुढच्या शनिवारी पुन्हा. गळक्या होडीतून वाटीवाटीनं पाणी उपसावं तसा संसार चालला होता. जेवायला उशिरा का येतेस म्हणून नवऱ्यानं विचारलं तर म्हणायची, "तुमच्या घरात कामं संपतायत का?" तो बिचारा मुकाट्यानं यंत्राकडे जायचा.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. एका बुधवारी एका जुन्या चष्मेवाल्याचा फोन आला. लहान मुलीचा चष्मा तुटलाय, तशाच्या तसा हवाय, माप तुमच्याकडे आहेच. जाड नंबराची पोर, चष्म्याशिवाय तिला फळाही दिसत नाही. फोटोवरून मापं घ्यायचं टेबल धाकटीकडे असायचं. तिनं शोधलं. ऑर्डर होती, नंबर होता, फोटो नव्हता.

"फोटो सर्व्हरवर नाहीये," धाकटी म्हणाली.

"नाहीये म्हणजे?" दीर फोनवर हात ठेवून ओरडला. "गेला कुठे? नीट बघ."

धाकटी पुन्हा बघू लागली. शेजारच्या टेबलावर मोठी लॅपटॉपसमोर बसली होती. फोटो तिच्यासमोर होता. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, नाकावर घसरलेली फ्रेम. आता काय करावं? 'माझ्याकडे आहे' म्हटलं तर 'तुझ्याकडे कसा?' हा प्रश्न येणार, आणि त्याच्या शेपटाला धरून बत्तीस, हद्द, शनिवार, सगळं बाहेर येणार. मोठीच्या बोटांनी तिला न विचारता काम केलं. फोटो होता तसा सर्व्हरवर परत चढवला. चला, पोरीला चष्मा मिळेल, कुणाचं काही बिघडलं नाही, असं म्हणून तिनं श्वास सोडला.

तेवढ्यात दीर तणतणत आला, धाकटीला बाजूला करून स्वतः बसला आणि शोधलं. फोटो समोर.

"हा काय इथे!" त्यानं टेबलावर थाप मारली. "डोळे आहेत की बटणं? कमाल आहे, चष्म्याच्या घरात आंधळी!"

कारखान्यातली चार माणसं हसली. नेमकं यंत्रही तेव्हाच थांबलं होतं, त्यामुळे ते हसू सगळीकडे नीट ऐकू गेलं. धाकटीचे कान लाल झाले.  ती पडद्याकडे बघत राहिली, आणि मग क्षणभर मोठीकडे.

आता खरं सांगायचं तर मोठीला आनंद झाला. अगदी गार वाटलं. आली मोठी शेकड्यानं सर्व्हर सांभाळणारी! एक फोटो दिसला नाही. वर जाताना ती चक्क गुणगुणत होती. जेवायला बसली तेव्हा मात्र घास उतरेना. आंधळी, आंधळी, असं आपलं कानात. तिनं पाणी प्यायलं, पुन्हा घास घेतला, पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तिला पुढच्या खोलीत बोलावलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. म्हणाले, "वर्ष संपत आलं. खुर्चीसाठी मी तुझं नाव सांगणार आहे. तुझी काही हरकत?"

हरकत! मोठीला वाटलं, इथल्या इथे फुगडी घालावी. पण माणसाचं मन मोठं हावरट. पोट भरलं तरी वरून थोडं गोड हवंच. काल रात्रीपासून मनाला जी बोच लागली होती, तिच्यावर बाबांच्या तोंडच्या चार शब्दांचं मलम लागलं तर तिला हवं होतं. ती म्हणाली, "बाबा, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही माझं बत्तीस का ऐकलंत? धाकटीचं पण काही कमी नव्हतं."

तुझा अनुभव, तुझा शब्द, तुझ्यावरचा विश्वास, यातलं काहीही चाललं असतं.

बाबा हसले. अगदी मायेनं हसले. "अगं, मला काय कळतंय बत्तीस नि चौसष्टमधलं? मी तुझं तोंड बघितलं. तुला नाही म्हटलं असतं तर तू आठवडाभर घरात दारं आपटली असतीस. कुणाशी धड बोलली नसतीस. धाकटीचं काय, ती समजूतदार आहे. तिला डावललं तरी घर चालतं. तुला डावललं की बंद पडतं." आणि वर म्हणाले, "खुर्चीचंही तेच समज."

मोठी उभी राहिली. "येते," एवढंच म्हणाली आणि दार लोटून बाहेर आली. रागानं दार आपटावंसं वाटलं, आणि तेही आता आपटता येईना.

म्हणजे 'मोठीला विचारा, मोठीला विचारा' म्हणत होते ते हेच का? कुत्रं चावरं असलं की त्यालाही लोक विचारूनच फाटक उघडतात. दहा वर्षं जिला ती मान समजत होती, ती नुसती सावधगिरी होती. जिन्यात उभी राहून ती रडली. रडताना पण तिला धाकटीचाच हेवा वाटत होता. तिला बिचारीला निदान ती आवडते म्हणून तरी डावलतात.

डोळे पुसून ती खाली गेली. जेवणाची सुट्टी झाली होती, यंत्र बंद होतं. धाकटी एकटीच टेबलाशी बसून त्या लहान मुलीच्या तयार चष्म्याच्या काचा पुसत होती.

"तो फोटो मी काढला होता," मोठी उभ्या उभ्याच म्हणाली. "आणि मीच परत टाकला."

"ठाऊक आहे," धाकटीनं मान वर न करता म्हटलं. "फोटो दोन वर्षांपूर्वीचा, आणि सर्व्हरवर चढल्याची वेळ कालची. मी आंधळी नाही, ताई."

"मग काल बोलली का नाहीस?"

"कुणाला? माझ्या नवऱ्याला? की बाबांना?" धाकटीनं चष्मा खाली ठेवला. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "बाबा काय म्हणाले असते ते तुम्हाला पण माहितीये. जाऊ दे गं, तू समजूतदार आहेस. या घरात समजूतदार कुणाला म्हणतात कळलंय मला. जिला नाही म्हणणं सोपं पडतं तिला. तुम्हाला कुणी म्हणतं का? मला रोज म्हणतात. मला कधी कधी वाटतं, तुमच्यासारखं एकदा घर डोक्यावर घ्यावं. येतच नाही मला. जळते मी तुमच्यावर."

मोठी तिच्याकडे बघतच राहिली. माझ्यावर? आत्ता जिन्यात रडून आलेय त्या माझ्यावर? तिला वाटलं, सांगावं, अगं, चौसष्ट मलाही सुचली होती, तुझ्याआधी सुचली होती, मी करूनसुद्धा बघितली होती. शब्द जिभेवर आले. पण सांगून काय? खोटं वाटलं तर हसं, आणि खरं वाटलं तर त्याहून वाईट. न कळून चुकणं वेगळं. मोठीनं तर कळत असून, निव्वळ जळून, कारखान्याच्या पायाशी खेळ केला होता. तिनं ते शब्द गिळले, आणि ते चहापेक्षा जास्त भाजले.

"रविवारी कारखाना बंद असतो," ती म्हणाली. "नवीन सर्व्हर घेऊ. सगळं तिकडे हलवू. तू सांग, मी करते."

रविवारी दोघी टेबलाशी बसल्या. पडद्यावर तोच प्रश्न आला, बत्तीस की चौसष्ट. मोठीनं काही न बोलता कीबोर्ड धाकटीकडे सरकवला. ऑर्डरी हलल्या, फोटो हलले, लॅपटॉपवर दडवलेले शनिवारचे फोटोही आपापल्या जागी गेले. काम करताना धाकटी भराभर बोलत होती, आणि चांगली बोलत होती, आणि मोठीला ते प्रत्येक वेळी टोचत होतं. ते काय एका रविवारात जाणार होतं?

संध्याकाळी बाबा खाली आले. मागोमाग दीर, आणि हात पुसत मोठीचा नवरा.

"सुट्टीच्या दिवशी काय चाललंय?" बाबांनी विचारलं.

"बत्तीस काढली," मोठी म्हणाली. "चौसष्ट घातली. हिची. पहिल्या दिवसापासून हिचंच बरोबर होतं, मी अडवलं." मग दिराकडे वळून म्हणाली, "आणि तो फोटो तिला दिसला नाही कारण तो तिथे नव्हताच. मी काढून ठेवला होता. तुम्ही तिला आंधळी म्हणालात तेव्हा मी इथेच बसले होते. गप्प."

 सदा बोलणारा दीर खिशातला फोन काढून उगाच चाळू लागला. मोठीच्या नवऱ्यानं बायकोकडे असं पाहिलं, जसं काही यंत्र बंद असताना पहिल्यांदाच तिचा आवाज ऐकतोय. मोठीला माहीत होतं की खुर्ची आत्ता, या वाक्याबरोबर गेली. परत मागावी असंही वाटलं. मागितली नाही.

बाबा खाकरले. एकदा मोठीच्या तोंडाकडे पाहिलं आणि सवयीप्रमाणे धाकटीकडे वळले. "झालं गेलं जाऊ दे. तू काही मनावर घेऊ नकोस हो. तू समजूतदार..."

"घेतलंय, बाबा," धाकटी म्हणाली. "मनावर घेतलंय. आणि मला हे सगळ्यांशी आज बोलायचंय. बसा."

बाबा बसले. दीरही बसला. दार आपटलं नाही, आवाज चढला नाही, आणि सगळे बसले. मोठीनं ते पाहिलं, आणि तिला पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षाही जास्त, धाकटीचा हेवा वाटला. मग तिनंही एक स्टूल ओढलं आणि ऐकायला बसली.